कुंडलिकेकाठचा मुलगा केंब्रिजला कसा पोहोचला? पेण-रोह्यातून जगाकडे जाणाऱ्या वाटेचा इतिहास

१/
फिलिपिन्समधील रॅमन मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षी समाजनेतृत्वासाठीचा पुरस्कार आचार्य विनोबा भावे यांना मिळाला. त्यांचे जन्मगाव पेण तालुक्यातील गागोदे. दुसऱ्या वर्षी, १९५९ मध्ये, शासकीय सेवेसाठीचा पुरस्कार चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांना मिळाला. ते रोह्याचे. पुढे १९९६ मध्ये समाजनेतृत्वाच्याच पुरस्कारासाठी पांडुरंगशास्त्री आठवले यांचे नाव जाहीर झाले. तेही रोह्याचे. एका जिल्ह्यातील दोन लहान तालुक्यांतून आशियातील या नामांकित पुरस्काराचे तीन मानकरी निघाले.

२/
असा योग दिसला की आपल्याकडे लगेच 'मातीचा गुण' हे उत्तर दिले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते पुरेसे वाटता कामा नये. त्याच मातीत त्याच काळात जन्मलेल्या, पण कुठेच न पोहोचलेल्या हजारोंची नोंद कोणी ठेवलेली नाही. म्हणून प्रश्न निराळ्या रीतीने विचारायला हवा. खाडीकाठच्या या प्रदेशातून जगाकडे जाणारी वाट कोणासाठी, केव्हा आणि कशामुळे उघडली? ती कोणासाठी बंद राहिली? आजच्या या लेखमालिकेत त्याचाच शोध घेऊ.

३/
हा विषय निवडण्यामागे एक साधे निमित्त आहे. पेण परिसरातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने मला मध्यंतरी विचारले, "परदेशी शिकायला जायचं म्हणजे सुरुवात नक्की कुठून करायची?" गुणांची तिला चिंता नव्हती. कोणत्या दारावर थाप द्यायची, तेवढेच तिला ठाऊक नव्हते. उत्तर शोधताना लक्षात आले, की हा प्रश्न या जिल्ह्यात गेली सुमारे दीडशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे. दाराला लागलेला अडसर मात्र प्रत्येक पिढीत निराळा होता.

४/
पहिला अडसर समाजाचा. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. तेथील टपाल कार्यालयात गोपाळराव जोशी नोकरीस होते आणि त्यांची पत्नी आनंदी ही काही काळ तेथेच राहिली. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, या समजुतीचा तो काळ. आनंदीबाईंनी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे जाहीर सभेत उभे राहून आपण अमेरिकेला का जात आहोत, हे सांगितले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्ष‍ाच्या आत, त्यांचा मृत्यू झाला.

५/
आनंदीबाईंच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एकच गोष्ट नोंदवायची आहे. त्यांच्या मागे विद्यापीठ नव्हते, सरकार नव्हते, संस्थान नव्हते. होता तो एक हट्टी नवरा, अमेरिकेतील एका अनोळखी कुटुंबाशी जुळलेला पत्रव्यवहार आणि स्वतःचा निश्चय. अशी वाट एखाद्याच व्यक्तीला पार करता येते. तिच्या मागून दुसरी कोणी सहज जाऊ शकत नाही, कारण तेथे वाट बांधलेली नसते; एक माणूस केवळ रान तुडवून पुढे गेलेला असतो.

६/
आता चिंतामणरावांकडे येऊ. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळील नाते या गावी. वडील द्वारकानाथ वकील होते, आणि घराण्याचे व बालपणाचे नाते रोह्याशी. रोह्यापर्यंत रेल्वे पोहोचली ती १९८६ साली. म्हणजे चिंतामणरावांच्या लहानपणी तेथून मुंबई गाठायची तर रस्ता आणि खाडी यांवाचून पर्याय नव्हता. अशा गावचा हा मुलगा १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकावली. ही परीक्षा त्या काळी साऱ्या मुंबई इलाख्याची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यशाचे मोल कळते.

७/
मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून तो १९१५ साली केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाला. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. समुद्रप्रवास धोक्याचा झाला होता आणि केंब्रिजमधील तरुण विद्यार्थी मोठ्या संख्येने आघाडीवर गेले होते. संस्कृतात पहिला आलेल्या या मुलाने तेथे निवडले ते निसर्गविज्ञान: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये त्याने पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकही मिळवले. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत तो सर्वांत पहिला आला.

८/
येथे दुसरा अडसर दिसतो. आय.सी.एस.ची परीक्षा तोवर फक्त लंडनमध्ये होत असे. भारतात ती घेण्यास १९२२ साली सुरुवात झाली. म्हणजे आपल्याच देशाच्या कारभारात वरच्या जागी बसायचे, तर हजारो मैलांवर जाऊन परीक्षा देणे भाग होते. त्या पिढीच्या दृष्टीने परदेशी शिक्षण ही चैन किंवा हौस नव्हती. कुलूप घराला होते आणि किल्ली परक्याच्या गावी ठेवलेली होती. ज्याच्या घरात इंग्रजी जाणणारे वडील होते, ज्याला मुंबईत राहून शिकता आले, त्यालाच त्या किल्लीपर्यंत जाण्याची आशा धरता येई. चिंतामणरावांची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. पण त्या बुद्धीला पायरीही लाभली होती.

९/
पायरी नसेल तर काय होते, हे पाहण्यासाठी याच वर्षांतील दुसऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावे लागते. भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्या बदल्यात परत येऊन दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. त्या सुमारास चिंतामणराव केंब्रिजला होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये आंबेडकरांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले.

१०/
परतल्यावर बडोद्यात काय घडले, ते आपण जाणतोच. परदेशी पदव्या असलेल्या त्या अधिकाऱ्याला अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळाले नाही. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून, स्वतःची बचत जमवून आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत त्यांनी अर्थशास्त्रातील डी.एस्‌सी. पूर्ण केली. चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. चिंतामणरावांचे जन्मगाव नाते याच महाड तालुक्यात आहे. तालुका एक, पण एकाला वाट मोकळी करून मिळालेली आणि दुसऱ्याला पाण्यासाठीही सत्याग्रह करावा लागलेला.

११/
या दोघांच्या अभ्यासाची वाटही पुढे एका जागी येऊन मिळते. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली. ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले चिंतामणराव देशमुख.

१२/
जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस देशांची परिषद भरली. युद्धोत्तर जगाची आर्थिक घडी बसवण्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा आराखडा तेथे ठरला. भारत तेव्हा परतंत्र होता, तरी त्याचे शिष्टमंडळ तेथे होते आणि त्यात चिंतामणरावही होते. पुढे १९५० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या या दोन्ही संस्थांच्या संयुक्त वार्षिक सभेचे ते अध्यक्ष झाले. केंब्रिजमधील दोन वर्षांचे फलित केवळ पदवीपुरते मोजले, तर हा हिशेब चुकतो. परक्या लोकांत बसून, त्यांच्या भाषेत, आपल्या देशाची बाजू न डगमगता मांडण्याची जी सवय तेथे लागते, ती पदवीपत्रावर लिहिलेली नसते.

१३/
आता जरा थांबून विरुद्ध बाजू ऐकू. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, म्हणजे ते चिंतामणरावांहून अवघ्या चार महिन्यांनी मोठे. एक मुलगा केंब्रिजमध्ये वनस्पतींचा अभ्यास करीत होता, त्याच सुमारास, १९१६ मध्ये, दुसऱ्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधीजींना भेटले. मग परदेशी पदवीचा एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर नाही.

१४/
परंतु विनोबांचे शिक्षण कोठे झाले, ते पाहू. लहानपणीच ते गागोद्याहून वडिलांकडे बडोद्याला गेले. शाळेत त्यांनी दुसरी भाषा म्हणून घेतली ती फ्रेंच. गंमत पाहा: केंब्रिजला गेलेला मुलगा संस्कृतात पहिला आणि प्रमाणपत्रे जाळणारा मुलगा फ्रेंचचा विद्यार्थी! आणि बडोद्याचे ते प्रसिद्ध ग्रंथालय, जेथे तरुण विनोबा वाचत बसत, ते तरी कसे उभे राहिले? सयाजीरावांनी १९०६ मध्ये अमेरिकेचा प्रवास केला, तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला लावले.

१५/
म्हणजे गागोद्याचा मुलगा अमेरिकेला गेला नाही, पण अमेरिकेतील एक चांगली व्यवस्था त्याच्यापर्यंत चालत आली होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत उपयोगाचा धडा हा आहे. एक माणूस जग पाहून येतो आणि त्या पाहण्यातून संस्था उभी करतो. त्या संस्थेत बसून दुसरा माणूस घरबसल्या जगाशी जोडला जातो. विनोबांनी पुढे कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी शिकून घेतली, तुरुंगात दक्षिणेच्या चारही भाषा आत्मसात केल्या आणि 'जय जगत' हा मंत्र दिला. जगाशी नाते जोडायला पासपोर्ट लागतोच असे नाही. जगाकडे उघडणारी खिडकी मात्र लागते, आणि ती कोणीतरी बसवावी लागते.

१६/
पांडुरंगशास्त्री आठवले यांचे उदाहरणही याच रांगेत बसते. जन्म १९ ऑक्टोबर १९२०, रोहा. शिक्षण पारंपरिक संस्कृत पद्धतीचे. पण मुंबईला आल्यावर त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे वाचन केले. १९५४ मध्ये जपानमधील जागतिक धर्मपरिषदेत त्यांनी भारतीय तत्त्वविचार मांडला. त्यावर तेथील श्रोत्यांनी विचारले, की असे जगणारा समाज तुमच्या देशात प्रत्यक्ष आहे काय? हा प्रश्न घेऊन ते परतले. १९५६ मध्ये त्यांनी ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठ स्थापन केले आणि स्वाध्यायाचे काम गावोगावी, कोळीवाड्यांपर्यंत नेले. परदेशाने त्यांना उत्तर दिले नाही. टोचणारा प्रश्न दिला. पुष्कळदा तोच अधिक मोलाचा असतो.

१७/
पुन्हा चिंतामणरावांकडे येऊ, कारण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ते देशाचे अर्थमंत्री होते. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. महाराष्ट्राला ही गोष्ट ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी काय केले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याने वैधानिक स्वरूप मिळाले आणि चिंतामणराव त्याचे अध्यक्ष झाले. १९६१ पर्यंत ते त्या पदावर होते. नंतर १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू.

१८/
याच काळात दिल्लीत लोदी उद्यानाशेजारी इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे राहिले. देशोदेशींच्या विद्वानांनी एकत्र राहावे, बोलावे, वाद घालावा, अशी ती कल्पना. तिच्यामागे अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानचे साहाय्य होते आणि प्रत्यक्ष उभारणीची धुरा चिंतामणरावांकडे. १९६० मध्ये जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि जानेवारी १९६२ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांनी उद्घाटन केले. त्याच १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षणाचे केंद्र सुरू झाले. नोकरी करणाऱ्याला, दूरच्या गावी असणाऱ्याला विद्यापीठाचे दार त्यामुळे किलकिले झाले.

१९/
या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. एक दार जगाकडे, दुसरे दार वर्गापर्यंत येऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याकडे. विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय व्हावे असे आपण म्हणतो, तेव्हा यांतील पहिलेच दार डोळ्यांपुढे असते: परदेशी पाहुणे, सामंजस्य करार, हस्तांदोलनाची छायाचित्रे. परंतु दुसरे दार बंद ठेवून पहिले उघडले, तर त्यातून तेच ते मोजके विद्यार्थी ये-जा करत राहतात. रोह्याहून निघालेल्या या माणसाच्या आयुष्यात दोन्ही दारे एकाच वर्षी उघडली. याचे स्मरण आज ठेवण्याजोगे आहे.

२०/
पैशाचा आणि जातीचा अडसरही व्यक्तीच्या औदार्यावर न सोडता योजनेने काढावा, हा विचार डॉ. आंबेडकरांनी पुढे रेटला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी मदत मिळावी, अशी मागणी होती. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात २००३ पासून राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. नाव अगदी योग्य दिले आहे. ज्या राजाने १९२० मध्ये एका विद्यार्थ्याला हात दिला, त्याच्या नावाने आता दरवर्षी अनेक विद्यार्थी जातात. दातृत्वाचे रूपांतर हक्कात झाले, ते असे.

२१/
मग आज अडसर उरला आहे तो कोणता? समुद्र ओलांडल्याने धर्म बुडत नाही. परीक्षेसाठी लंडन गाठावे लागत नाही. शिष्यवृत्त्याही आहेत: १९५० च्या करारातून आलेली फुलब्राइट, १९५९ च्या परिषदेतून आलेली राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, जर्मनीची डाड, युरोपची इरास्मस मुंडस, जपान सरकारची मेक्स्ट. पैशाची चणचण संपली असे मुळीच नाही. पण माझ्या त्या विद्यार्थिनीला यांतील एकही नाव ठाऊक नव्हते. आजचा मोठा अडसर माहितीचा आहे. महानगरातील विद्यार्थ्याला ही नावे वर्गमित्राकडून, मावसभावाकडून, शेजाऱ्याकडून सहज कळतात. पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याला ती कोणी सांगायला भेटतच नाही.

२२/
नियमांच्या पातळीवर वाट आधीच आखलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी स्वतंत्र कार्यालय ठेवावे, असे सुचवले. २०२२ च्या विनियमांनी पात्र भारतीय संस्थांना परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदवी देण्याची मुभा दिली. २०२३ च्या विनियमांनी परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडता येऊ लागल्या. जून २०२५ मध्ये अशा पाच विद्यापीठांना नवी मुंबईसाठी इरादापत्रे देण्यात आली. पेणहून नवी मुंबई फार लांब नाही. केंब्रिजसाठी सातासमुद्रापार गेलेल्या चिंतामणरावांच्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर परदेशी विद्यापीठ येऊन उभे राहते आहे.

२३/
पण शेजारी येऊन उभे राहणे आणि पोहोचता येणे यांत अंतर असते. १९१५ मध्येही मुंबईचे बंदर रोह्यापासून तसे जवळच होते. जहाजे रोज सुटत होती. रोह्याची किती मुले त्यांत बसली? पेण आणि रोह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या मुख्य आवारातील आंतरराष्ट्रीय कार्यालय संलग्न महाविद्यालयातील शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते का, यावर त्याचे यश मोजावे. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयात एक माहितगार प्राध्यापक, शिष्यवृत्त्यांचे भिंतीवर लावलेले वेळापत्रक, गुणतक्ते वेळेवर मिळण्याची सोय आणि आधी जाऊन आलेल्यांशी गाठ घालून देणारी वर्षातून एक बैठक. यातील कशालाही फार मोठा खर्च नाही.

२४/
पेणकरांना हे काम नवे वाटू नये. येथील गणेशमूर्ती परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंत जहाजाने जातात, आणि त्या उत्सवाच्या कितीतरी महिने आधी कारखान्यातून निघतात. मूर्ती भाद्रपदात बसायची म्हणून ती श्रावणात रवाना करून चालत नाही, हे पेणच्या कारागिराला कोणी शिकवावे लागत नाही. माती केव्हा मळायची, रंग केव्हा द्यायचा, खोक्यात गवत कसे भरायचे, कागदपत्रे कोणती लागतात, हे सारे त्या गावाने एका पिढीकडून दुसरीकडे दिले आहे. परदेशी शिक्षणाच्या अर्जाचेही तसेच आहे. पुढच्या सप्टेंबरात वर्गात बसायचे, तर आदल्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी तयारीला लागायला हवे. मूर्तीसाठी ही साखळी आपण बांधू शकलो. मुलींसाठी आणि मुलांसाठी ती अजून बांधायची आहे.

२५/
शेवटी, जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चिंतामणराव गेले ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. संस्कृत त्यांच्याबरोबर होते आणि ते आयुष्यभर राहिले. अर्थकारणाच्या व्यापातून वेळ काढून त्यांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठी पद्यात आणले. ज्याच्यापाशी स्वतःचे काही असते, त्याच्याशीच जग बरोबरीने बोलते. म्हणून पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याने आपली भाषा, आपली खाडी, आपली खारेपाटातली शेती, आपल्या गावचा इतिहास नीट जाणून घेऊन निघावे. केंब्रिजमध्ये किंवा टोकियोत जाऊन तो जे सांगू शकेल, ते तेथील कोणालाही ठाऊक नसेल.

२६/
त्या विद्यार्थिनीला मी काय सांगितले? शिष्यवृत्त्यांची नावे आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून दिल्या, आणि एक अट घातली: तुला जे कळेल ते पुढच्या वर्षी आणखी दोघींना सांगायचे. आनंदीबाईंनी एकटीने रान तुडवले. सयाजीरावांनी, शाहूंनी, आंबेडकरांनी आणि देशमुखांनी आपापल्या परीने त्याची वाट बांधली. त्या वाटेवर दिवे लावण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे. तुमच्या तालुक्यातून पहिल्यांदा परदेशी शिकायला गेलेली व्यक्ती कोण, आणि तिला वाट कोणी दाखवली, हे शोधून जरूर लिहा. तो इतिहासही कोणीतरी नोंदवायला हवा.